अठराव्या अध्यायाची टीप

३ मार्च, सोमवार

पुढच्या पिढ्यांना कळावं, निदान या वहीच्या पुढच्या पानांना तरी कळावं, म्हणून नोंदवून ठेवते: आज दुपारी साडेतीन वाजता समितीच्या खोलीतला टेबलपंखा मान हलवू लागला.

अकरा वर्षं तो एकाच दिशेला तोंड करून उभा होता, आणि ती दिशा म्हणजे मी. तसा कोणी ठराव केला नव्हता. त्याच्या मानेमागची खुंटी कोणी दाबलेली नव्हती, एवढंच. आज ती दाबली गेली. आता तो निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसासारखा वळून वळून सगळ्यांची विचारपूस करतो, माझ्यापाशी येतो, कागद उडवतो आणि मी गार व्हायच्या आत निघून जातो. वारा सगळ्यांना, कागद गोळा करायचं काम मला.

खुंटी दाबणारी माझी धाकटी जाऊ. पाळकसाहेबांनी तिला समितीवर घेतलं आहे.

आमची समिती म्हणजे चार खुर्च्या, एक कपाट आणि खाली किल्लीवाल्याचं दुकान. काम काय, तर पवित्र शास्त्राची घरी वाचायची आवृत्ती काढायची आणि अवघड वचनांखाली साठ शब्दांच्या आत टीप द्यायची. पाळकसाहेब अध्यक्ष. मुद्रितं तपासणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मनात स्वल्पविराम म्हणते, कारण ते दर दोन शब्दांनी थांबतात आणि कुठेच पोचत नाहीत. आणि टिपा लिहिणारी मी. सकाळी शाळेत भाषा शिकवते, दुपारी इथे येऊन लोकांना देव समजावते. दोन्हीकडे गृहपाठ कोणी करत नाही.

जाऊ इस्पितळात आहे. डॉक्टर आणि पेशंटचे नातेवाईक यांच्या मधल्या टेबलावर बसते. डॉक्टर जे बोलून गेले ते नातेवाइकांना कळेल असं सांगायचं, हे तिचं काम. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्याला अशाच व्यक्तीची गरज होती." अकरा वर्षं त्यांना कशा व्यक्तीवर भागवावं लागलं, ते बोलले नाहीत.

आणि वेळ तरी कोणती साधली! नेमके आम्ही पाचव्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाशी आलो आहोत. मोशे म्हातारा झाला आहे, नदीपलीकडच्या देशात त्याला पाऊल ठेवायचं नाही, आणि तो लोकांना सांगतो: देव तुमच्या भाऊबंदांतून माझ्यासारखा एक संदेष्टा उभा करील, त्याचं ऐका. देव म्हणतो, मी माझे शब्द त्याच्या मुखात घालीन. कोण हा? कोणी म्हणतं, मोशेच्या मागोमाग आलेला सेनापती. कोणी म्हणतं, एकटादुकटा नव्हे, पुढच्या संदेष्ट्यांची अख्खी रांग. इतर धर्मांची माणसं आपापलं उत्तर देतात. आमची श्रद्धा अशी की तो गव्हाणीत जन्मला. सगळ्यांचं एकमत एवढ्यावरच, की तो आपल्याच भाऊबंदांतला.

या एका वचनावर माझ्याकडे बुटांच्या खोक्यात दोनशे बारा कार्डं आहेत, लग्नाच्या आधीपासूनची. पंखा गेला तर गेला. ही टीप माझी.

५ मार्च, बुधवार

टीप नापास.

आमच्याकडे टीप छापायच्या आधी तिची 'ऐकवणी' होते. ज्याचा या विषयाशी काडीचा संबंध नाही अशा माणसाला बोलावून वचन आणि टीप एकदाच वाचून दाखवायची. मग त्याने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची. काय काय पोचायला हवं याची यादी टीप लिहिणाऱ्याने आधीच दिलेली असते. यादीतलं सगळं परत आलं तर टीप पास. यादीबाहेरचं काही आलं तर ते मोजायचं नाही. हे नियम माझेच. माणसं टिपेचं कौतुक करत बसायची, ते बंद व्हावं म्हणून केले होते.

मी मोशे आणि येणारा यांच्यातली सात साम्यं दिली होती. दोघेही बालपणी राजाच्या हातून वाचले, दोघेही डोंगरावर गेले, दोघांनीही नियम दिला, इत्यादी.

पहिली ऐकणारी दुधाच्या केंद्रावरची बाई. ती म्हणाली, "एक मोठे साहेब बदली होऊन चाललेत. नवीन येणार तोही असाच कडक. लहानपणापासून दोघांचे हाल."

दुसरा निवृत्त बसचालक. "भाऊबंदांतून येणार म्हणजे आधी कोर्टात केस असणार," म्हणाला आणि आपल्या चुलत्याच्या बांधकामाची गोष्ट चाळीस मिनिटं सांगितली. स्वल्पविरामांनी ती सगळी उतरवून घेतली.

मी म्हटलं, "लोकांना ऐकायची सवय राहिलेली नाही."

जाऊ पेन्सिलशी खेळत म्हणाली, "ताई, एक विचारू? हे वचन मुळात मागितलं कोणी?"

"मागितलं?"

"म्हणजे दोनच ओळी पुढे आहे ना, डोंगराखाली लोक म्हणाले, आम्हाला हा आवाज परत ऐकवू नका, आम्ही मरू. म्हणून देवाने हे कबूल केलं. घाबरलेल्या माणसांसाठी आहे ना हे?"

खोली गप्प झाली. मला तो गप्पपणा चांगला ओळखीचा आहे. पूर्वी तो माझ्यामागून यायचा.

पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हीही एक मसुदा करा." एका वचनाला दोन मसुदे! अकरा वर्षांत घडलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

मला हेवा वाटतो आहे का, हा प्रश्न मी स्वतःला शांतपणे विचारला. उत्तर: नाही. हेवा बरोबरीच्या माणसाचा वाटतो.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला जुना करार कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते माहीत नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शिकली. मी पीठ मळायची आणि ती मोठ्याने वाचायची. कोणी कोणाचा बाप, कोणता राजा कोणानंतर, सगळं मी शिकवलं. 'वाचताना आधी मागची दहा वचनं आणि पुढची दहा वाच,' हेही मीच.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे अगदी तुझ्यासारखी झाली की गं."

"माझ्यासारखी? कुठून माझ्यासारखी?"

"बरं, नाही झाली."

"मी तिला शिकवलं नसतं तर ती आज—"

"तेच म्हणतोय ना मी," हे म्हणाले आणि भात मागितला.

या माणसाशी गंभीर बोलायची सोयच नाही.

९ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर ती घरी आली. धाकटे दीर ह्यांच्याशी बाहेर गप्पा मारत बसले. ही सरळ स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर.

"ताई, मी लिहिलंय. तुम्ही नजर टाका ना. तुमच्याशिवाय मला कोणाला दाखवायचा धीर होत नाही."

वाचलं. इथे उतरवून ठेवते, कारण शत्रूचं बळ किती ते नोंदलेलं असावं.

'डोंगर पेटला होता. लोक म्हणाले, हा आवाज आम्हाला सोसवत नाही, आम्ही मरू. तू जा, तू ऐक आणि आम्हाला सांग. देव रागावला नाही. तो म्हणाला, बरोबर बोलतात. म्हणून त्याने शब्द दिला: सांगणारा पाठवीन, आणि तो तुमच्या घरातलाच असेल. तो आला असं आपण मानतो. त्याचा आवाज मोठा नव्हता म्हणून त्याला ओळखायला चुकू नका.'

मागची दहा आणि पुढची दहा वाचली होती तर.

दोनशे बारा कार्डांपैकी एकावरही 'देव रागावला नाही' हे नाही. मी रात्री सगळी पाहिली. साम्यं आहेत, वंशावळी आहेत, एका कार्डावर किराण्याची यादी आहे. हे नाही.

"हे सुचलं कसं तुला?"

"टेबलावर बसून. लोक येतात ना, डॉक्टर बोलायला लागले की कान झाकतात. मग म्हणतात, ताई, तुम्हीच ऐकून या आणि आम्हाला सांगा. आधी मला राग यायचा, एवढं काय भ्यायचं. मग हे वाचलं."

"ठीक आहे," मी म्हटलं.

'ठीक आहे' मी शाळेत चाळीस गुणांना म्हणते. तिला ते माहीत आहे, माझ्या तपासलेल्या वह्या कितीदा तिने मोजून दिल्यात. तरी हसली आणि कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. जाताना भांडी घासून गेली. हाही एक प्रकारचा हल्लाच.

१० मार्च, सोमवार

ठरलं. पुढची ऐकवणी एकोणीस तारखेला, एकाच माणसासमोर, दोन्ही मसुदे. माणूस पाळकसाहेबांनी निवडला: खालचे किल्लीवाले काका. "इतकी वर्षं आपल्या पायाखाली बसलेत, पण आपलं एक अक्षर त्यांच्या कानावर गेलेलं नाही."

मी माझा मसुदा छाटला. सातांची चार साम्यं केली. 'इत्यादी' ठेवलं. त्यात उरलेल्या तिघांचा मान राहतो.

११ मार्च, मंगळवार

आज मला अचानक आठवलं की आमच्या मागच्या दाराची किल्ली एकच आहे. कधीपासून करून घ्यायची होती. जाता जाता खाली थांबले.

काका सत्तरीचे असतील. काउंटरमागे भिंतभर कोऱ्या किल्ल्या, माणसाला पाठ करून बसलेल्या. काका किल्ली डोळ्यापाशी नेऊन पाहतात, मग विचारतात, "घर आपलंच ना?" प्रत्येकाला विचारतात. मी 'हो' म्हटल्यावरच मशीन सुरू केलं.

कानस चालू असताना सहज विषय निघाला. म्हणजे मी काढला. "काका, आम्ही वर काय करतो माहीत आहे का?" मग मोशेचं निघालं. मग ओघाने साम्यं.

माणूस लक्ष देऊन ऐकतो. अशी माणसं शाळेत का येत नाहीत?

१३ मार्च, गुरुवार

कपाटाची किल्ली.

१४ मार्च, शुक्रवार

टपालपेटीची किल्ली. टपाल येत नाही, पण उद्या आलं तर.

काका स्वतःच म्हणाले, "परवा दोनच सांगितली होतीत बाई, डोंगर आणि राजा. तिसरं काय?" तिसरं सांगितलं. चौथंही. पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

यात गैर काय? परीक्षेच्या आधी उजळणी करून घेत नाही का आपण? शिवाय मी त्यांना टीप वाचून दाखवलेली नाही, बोलून दाखवली आहे.

१७ मार्च, सोमवार

रात्री हे फ्रिजवरची बशी घेऊन आले आणि टेबलावर उपडी केली.

"आपल्या घराला दारं किती?"

"दोन."

"आणि किल्ल्या?"

मी मोजल्या नाहीत.

"चौदा," हे म्हणाले. "एक माझ्या गाडीच्या डिकीची आहे. ती मी गेले तीन दिवस शोधत होतो. काय चाललंय? पळून जायचा बेत आहे की मला आत कोंडायचा?"

"सुरक्षिततेसाठी."

"चौदा किल्ल्या करणाऱ्याचं घर सुरक्षित नसतं गं," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "धाकटीचं एवढं का मनावर घेतेस?"

मी म्हटलं, धाकटीचा इथे काय संबंध. ह्यांनी एकेक किल्ली परत बशीत टाकली, नाणी टाकावीत तशी. विषय तिथे संपला.

१९ मार्च, बुधवार

जिंकले.

क्रमाने लिहिते. काका चार वाजता दुकानाला कुलूप लावून वर आले. धुतलेला शर्ट, केस पाण्याने बसवलेले. पाळकसाहेबांनी आधी माझा मसुदा वाचला. जाऊ कागद भरायला बसली होती, लिहून घ्यायचं काम तिचं.

काकांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. राजा, डोंगर, नियम, चाळीस दिवस. एकही सुटलं नाही. क्रमही तोच. शेवटी म्हणाले, "इत्यादी."

पाळकसाहेबांच्या भुवया वर गेल्या. स्वल्पविराम न थांबता "वा वा" म्हणाले.

मग जावेचा मसुदा. काका बराच वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं, संपलं, काहीच पोचलं नाही. मग म्हणाले:

"म्हणजे भ्यालं तरी चालतं. असंच ना? तो म्हणाला, भ्यालात तर भ्यालात, मी दुसरी सोय करतो." थोडं थांबले. "आमची ही आजारी होती तेव्हा डॉक्टर बोलायला आले की मी जिन्यात जाऊन उभा राहायचो. मुलगी ऐकून यायची आणि मला सांगायची. हळू सांगायची. सात वर्षं झाली. मला वाटायचं, मी भित्रा. बायको आत आणि मी जिन्यात." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोणी चिडलं नव्हतं म्हणजे."

पंखा सगळ्यांकडे एकेकदा बघून गेला.

पण नियम तो नियम. तिच्या यादीत 'तो आला' होतं, ते काकांच्या सांगण्यात आलं नाही. जिना यादीत नव्हता. यादीबाहेरचं मोजायचं नाही. माझे चारही मुद्दे आलेले. पाळकसाहेबांनी दोन्ही याद्या दोनदा पाहिल्या आणि उसासा टाकून म्हणाले, "नियमाप्रमाणे पहिला मसुदा."

कागदावर शेवटी एक प्रश्न असतो, तो प्रत्येकाला विचारायचाच असतो. जावेने विचारला. "काका, यातलं काही तुम्ही आधी कधी ऐकलं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. किल्ली पाहतात तेवढा.

"नाही," ते म्हणाले.

जावेने 'नाही' लिहिलं. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर कोरून.

जिंकले, असं वर लिहिलं आहे. ते बरोबर आहे.

२० मार्च, गुरुवार

शाळेत दोन मुलांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी निघाली. नेहमी मी अशा वेळी वर्गासमोर दोन वाक्यं बोलते की ती घरापर्यंत पोचतात. आज नुसत्या वह्या परत दिल्या. मुलं जास्तच घाबरली.

जावेचा फोन. "अभिनंदन, ताई. 'इत्यादी' फार छान आलं."

यात काही आहे का? तिच्या बोलण्यात कधी काही नसतं. हाच तिचा त्रास आहे, टोमणा म्हणून घ्यावं तर काही सापडत नाही.

त्याच अध्यायात पुढे एक वचन आहे: जे बोलायला सांगितलं नाही ते जो माझ्या नावाने बोलेल, त्याचं काय करायचं. त्यावरची टीप स्वल्पविरामांकडे आहे. बरं आहे.

२२ मार्च, शनिवार

काकांचे आभार मानायला गेले. नुसतं जाणं बरं दिसेना म्हणून पेटीची किल्ली नेली होती.

त्यांनी ती हातात घेतली नाही. "बाई, तुमच्या घराला पुरे झाल्या आता."

मी हसले. ते हसले नाहीत. रागावलेलेही नव्हते. फडक्याने काउंटर पुसत राहिले.

"मी विचारतो ना, घर आपलंच ना? कधी कोणाचे कागद नाही मागितले. माणूस हो म्हणतो, मी त्याच्या शब्दावर किल्ली करून देतो. शब्दावरच चालतं हे दुकान. आणि परवा मीच वर जाऊन खोटं बोललो. सही करून."

"मी सांगितलं नव्हतं तुम्हाला खोटं बोलायला."

"नाही. तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं."

"मग का बोललात?"

"तुमच्याकडे बघितलं. तुम्ही भ्याला होता."

मी भ्याले होते! मी! माझ्या वर्गात पाल आली तर ती भिते.

मी काहीतरी उत्तर दिलं असावं, आठवत नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं. त्याला काकांनी विचारलं, घर आपलंच ना, आणि विचारताना एकदम अडखळले. मी निघाले तर मागून म्हणाले, "बाई, ती दुसरी होती ना, जिन्याची... म्हणजे डोंगराची. ती लिहून मिळेल का? मुलीला पाठवायची आहे. ती लांब असते."

म्हटलं, बघते.

माझी चार साम्यं त्यांना तोंडपाठ आहेत. ती त्यांना लिहून नको होती.

२३ मार्च, रविवार

प्रार्थनेला ती पुढच्या ओळीत होती. मी मागे बसले. लोकांनी तिच्याभोवती घोळका केला, एका बाईने तिचा हात धरून काहीतरी बराच वेळ सांगितलं, ती ऐकत होती. मंडळीच्या मासिकात मी पुस्तकांची परीक्षणं लिहिते, तर माझ्याकडे येऊन लोक म्हणतात, "तुमचं मासिकातलं वाचलं, काय झोडपलंत हो!" आणि पटकन निघून जातात.

आता हेवा वाटतो का, असं पुन्हा विचारलं. खरं उत्तर लिहायची वही आहे ही, म्हणून लिहिते: वाटतो. तिच्या टिपेचा नाही. कोणी तिचा हात धरतं, त्याचा. आणि तिला तो आयता मिळालेला नाही, हे मला माहीत आहे, त्याचा तर जास्तच.

२४ मार्च, सोमवार

समितीत 'मागील कामकाज मंजूर' म्हणायच्या आधी मी कपाटातून एकोणीस तारखेचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे मंजूर करू नका. काकांना मी आधी ऐकवलं होतं."

"कधी?" पाळकसाहेब.

"अकरापासून अठरापर्यंत. रविवार सोडून."

"रविवार... सोडून," स्वल्पविराम म्हणाले, बहुधा उतरवून घेत होते.

"ते खोटं बोलले ते माझ्यासाठी. त्यांच्याकडे याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. कागदात त्यांचं उत्तर चुकीचं आहे, ते मी दुरुस्त करते." 'नाही' खोडून मी 'होय' लिहिलं, आणि बाजूला, 'ही चूक ऐकणाऱ्याची नाही, टीप लिहिणारीची', आणि सही. आयुष्यात हजारो उत्तरं लाल शाईने दुरुस्त केली. स्वतःच्या चुकीखाली सही पहिल्यांदाच केली.

जावेकडे बघणं भाग होतं. ती खाली बघत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"कसं?"

"इत्यादी, ताई. बोलताना इत्यादी कोण म्हणतं? तुम्ही स्वतः नाही म्हणत."

"मग तिथल्या तिथे का नाही बोललीस? जिंकली असतीस."

तिने पेन्सिल उचलून परत ठेवली. मी म्हटलं, बोल.

"तुमची भीती वाटते," ती म्हणाली. अगदी हळू. "मला पहिल्यापासून वाटते. सगळ्यांनाच वाटते. पाळकसाहेबांना पण."

पाळकसाहेब एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे भिंत आहे.

म्हणजे अकरा वर्षं ही माणसं या खोलीत डोंगराखाली बसली होती तर. आणि डोंगराला वाटत होतं, आपल्यामुळे वर्गात शांतता आहे.

"तरी मी येत होते ना तुमच्याकडे," जाऊ म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. "वीस वर्षं येतेय. कोणी शिकवलं असतं मला एवढं?"

यावर लगेच तोंडावर आलेली तीन उत्तरं होती. तिन्ही चांगली होती. एकही बोलले नाही, आणि मग बोलायला काहीच उरलं नाही, म्हणून तिच्यापुढे माझा रुमाल सरकवला.

निर्णय: माझा मसुदा रद्द. वचनाखाली तिची टीप छापायची. माझं समितीवर राहणं पाळकसाहेबांनी मताला टाकलंच नाही. पुढचा, एकोणिसावा अध्याय माझ्याकडे दिला. हातून नकळत ज्याचा जीव गेला त्याने आसऱ्याला कोणत्या गावांत पळून जावं, त्याची त्यात माहिती आहे. पाळकसाहेबांना विनोदबुद्धी आहे, असं अकरा वर्षांत प्रथमच वाटलं.

२५ मार्च, मंगळवार

ह्यांना सगळं सांगितलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग आता चौदाचं काय करायचं?" आणि मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू नव्हतं. ह्यांनी उठून चहा टाकला. साखर विसरले. मी सांगितलं नाही.

२९ मार्च, शनिवार

चार दिवस टाळलं. म्हटलं, छापून आल्यावर देऊ, छापील बरं दिसतं. मग लक्षात आलं, छापून यायला दीड वर्ष आहे.

दुपारी चांगला कागद घेतला आणि जावेची टीप स्वतःच्या अक्षरात उतरवली. दोन ठिकाणी हात शिवशिवला. 'पेटला होता' याहून चांगला शब्द मला माहीत आहे. आणि शेवटच्या वाक्यात मी असते तर 'म्हणून' आधी घेतलं असतं. काही बदललं नाही. एकदा 'रागावला नाही' लिहिताना ओळ सुटली, तो कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

खाली गेले तेव्हा काकांचं मशीन चालू होतं. कागद काउंटरवर ठेवला. त्यांनी एका हाताने किल्ली धरून दुसऱ्या हाताने तो उचलला, लांब धरून वाचला, ओठ हलवत. पुन्हा वाचला. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"आणि लिहिलंय कोणी?"

"माझ्या जावेने."

मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हात कानामागे नेला, मग मशीन बंद केलं. दुकान एकदम शांत झालं. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही बघायला लागली.

"कोणी म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं.